दुबईत फ्लॅट बघायला जातोय: रोख किती न्यावी, बुकिंगचे पैसे कसे पाठवावेत?

कोथरूडकर_७२
मी आणि पत्नी, दोघेही भारतात निवासी. डिसेंबरमध्ये आठ दिवस दुबईला जाणार आहोत. १५ लाख दिरहमचा बांधकाम चालू असलेला फ्लॅट जवळपास ठरलाय. हप्त्यांची योजना अशी: बुकिंगला २० टक्के, ताब्यापर्यंत ४० टक्के, उरलेले ४० टक्के ताब्यानंतर दोन वर्षांत. एजंट म्हणतो, "इथे या, २० टक्के क्रेडिट कार्डावर स्वाइप करा, बाकीचं नंतर बघू." हे नियमात बसतं का? शिवाय प्रवासाला रोख किती नेता येते, आणि टीसीएसची (परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ वसूल करते तो कर) भानगड नेमकी काय आहे?

विनिमय_खिडकी
आधी प्रवासाचं, कारण ते सोपं आहे. परकीय चलनाच्या नोटा माणशी, दर फेरीला ३,००० डॉलरच्या मोलापर्यंतच. बाकीचं फॉरेक्स कार्डवर घ्या. मनी चेंजरला रुपये रोख द्यायचे तर ५० हजारांपर्यंतच देता येतात, वरची रक्कम चेकने किंवा बँकेतून. भारतीय नोटा माणशी २५ हजारांपर्यंत बाहेर नेता येतात, पण त्या तिथे कोण घेणार? परतताना टॅक्सीपुरत्या ठेवा.

कार्ड दिरहममध्येच भरून घ्या. डॉलरचं कार्ड दुबईत वापरलं की प्रत्येक खरेदीला पुन्हा चलनबदलाचा आकार लागतो. दुकानातल्या मशीनवर 'आयएनआर (रुपये) की एईडी (दिरहम)?' असं विचारलं तर डोळे मिटून एईडी दाबा. रुपये दाबलेत की दर दुकानदाराच्या बँकेचा, आणि तो कधीच तुमच्या बाजूचा नसतो.

उरलेल्या चलनापैकी २,००० डॉलरच्या मोलाच्या नोटा घरी ठेवता येतात. त्यावरचं परतल्यापासून १८० दिवसांत विकायचं.

आता मुख्य गोष्ट. क्रेडिट कार्डने बुकिंग करू नका. परदेशात असताना हॉटेल, जेवण, खरेदी यासाठी कार्ड वापरलंत तर सध्या ते एलआरएसमध्ये (निवाशाने परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना, तिला वार्षिक मर्यादा आहे) मोजलं जात नाही, म्हणून लोकांना वाटतं की कार्ड म्हणजे मोकळं रान. पण कार्डाची मुभा चालू खात्याच्या व्यवहारांपुरती (म्हणजे प्रवास, खरेदी असे खर्च; बँकेतलं चालू खातं नव्हे) आहे. घर-जमीन हा भांडवली खात्याचा (परदेशात मालमत्ता घेण्याचा) व्यवहार, त्याला कार्ड चालत नाही. एजंटला काय, त्याचं कमिशन स्वाइप झाल्या क्षणी पक्कं होतं. फेमाची (परकीय चलन कायद्याची) नोटीस आली तर ती तुमच्या नावाने येते.

सीए_पाचपाखाडी
वरच्याशी सहमत. पैसे पाठवण्याचा सरळ रस्ता एलआरएस. माणशी एका आर्थिक वर्षात (एप्रिल ते मार्च) २,५०,००० डॉलर. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, म्हणजे एका माणसाला वर्षाला ९,१८,१२५ दिरहम. फ्लॅटचे १५ लाख आणि दुबई भूमी विभागाची ४ टक्के फी (६०,०००) मिळून १५,६०,०००. एकट्याच्या मर्यादेत एका वर्षात बसत नाही, दोघांच्या मिळून बसतं. मात्र पत्नीची मर्यादा वापरायची तर तिचं नाव करारात सहमालक म्हणून हवंच. नाव फक्त तुमचं आणि पैसे दोघांच्या खात्यांतून, हे चालत नाही. याच मर्यादेत प्रवासाचं फॉरेक्स कार्ड, मुलांची फी, नातेवाइकांना पाठवलेले पैसे हे सगळं येतं.

टीसीएस: १ एप्रिल २०२५ पासून माणशी, वर्षाला पहिले १० लाख रुपये माफ, त्यावर घरखरेदीसाठी २० टक्के. हे दहा लाख सगळ्या बँका आणि मनी चेंजर धरून मोजतात.

हिशेबापुरता दिरहम २४ रुपये धरू. बुकिंगचे ३ लाख आणि फी ६० हजार मिळून ३,६०,००० दिरहम, म्हणजे ८६.४ लाख रुपये. एकट्याने पाठवले तर टीसीएस १५.२८ लाख. निम्मे-निम्मे पाठवले तर प्रत्येकी ६.६४, एकूण १३.२८ लाख. हे पैसे पाठवायच्या रकमेतून कापत नाहीत, वर द्यावे लागतात. ८६ लाख तयार ठेवून बँकेत गेलेला माणूस इथेच अडकतो.

टीसीएस बुडत नाही, आयकर खात्याच्या वार्षिक कर-पत्रकात तुमच्या पॅनवर दिसतो. आगाऊ करातून वजा करता येतो. पगारदार असाल तर मालकाला कळवून टीडीएस कमी करून घेता येतो. पत्नीला करपात्र उत्पन्न नसेल तर तिच्या वाट्याचा रिटर्न भरून परत येईपर्यंत अडकून राहतो. म्हणून तारीख बघा. मार्चमध्ये पाठवलेल्या पैशांवरचा परतावा त्याच उन्हाळ्यात मागता येतो. एप्रिलमध्ये पाठवलेत तर त्याच परताव्यासाठी पुढच्या वर्षीच्या रिटर्नपर्यंत थांबायचं. बुकिंग मार्चमध्ये आणि पुढचा हप्ता एप्रिलमध्ये बसवता आला तर दोन्ही वर्षांचे दहा-दहा लाख माफ मिळतात.

कोथरूडकर_७२
टीसीएस वर द्यावा लागतो हे माहीतच नव्हतं. मग बँकेकडून कर्ज काढून पाठवले तर?

सीए_पाचपाखाडी
नाही. एलआरएसखाली भांडवली खात्याचे पैसे पाठवायला बँकेने कर्ज देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट आदेश आहे.

मला जास्त काळजी तुमच्या त्या शेवटच्या ४० टक्क्यांची आहे. ताबा आधी आणि पैसे दोन वर्षांनी, म्हणजे परदेशी विक्रेत्याने तुम्हाला दिलेली उधारी. भारतातल्या निवाशाने परदेशी माणसाकडून अशी उधारी घ्यायला परवानगीचा प्रश्न येतो, आणि काही बँका तेवढ्यावरून हप्ता अडवतात. बांधकामाच्या टप्प्यांना जोडलेली योजना मागा. बिल्डर थोडी सूट काढून घेईल, ती जाऊ द्या.

करामा_रहिवासी
दुबईच्या बाजूचं थोडं. बांधकाम चालू असलेल्या घराचे पैसे प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यातच (त्या प्रकल्पासाठीच राखून ठेवलेल्या खात्यात) जायला हवेत, दुबईत २००७ पासून तसा कायदाच आहे. करारावरचं एस्क्रो खात्याचं नाव आणि आयबॅन (आंतरराष्ट्रीय खातेक्रमांक), एजंटने व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या आयबॅनशी अक्षर-अक्षर जुळवा. खातं एजंटच्या कंपनीचं निघालं तर तिथूनच परत फिरा.

पैसे दिरहममध्येच पाठवा आणि शुल्काच्या रकान्यात 'ओयूआर' (सगळं शुल्क पाठवणाऱ्याकडे) निवडा. नाही तर मधल्या बँका आपला आकार कापतात, एस्क्रोला रक्कम कमी पोचते, आणि बिल्डर ती थकबाकी म्हणून लावतो. पैसे पोचल्यावर ओकूदची (बांधकाम चालू असलेल्या घराच्या विक्रीची सरकारी नोंद) नोंदणी झाल्याचा कागद मागून घ्या; मालकीहक्काचा दाखला ताब्याच्या वेळी मिळतो.

विनिमय_खिडकी
बँकेत न्यायचं: ए२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज), पॅन, दोघांच्या नावाचा करार, बिल्डरचं मागणीपत्र, यंदा आधी किती पाठवलं त्याचं घोषणापत्र. उद्देश कोड एस०००५, परदेशातली स्थावर मालमत्ता. घाईत कुणी 'कुटुंबाचा निर्वाह'चा एस१३०१ टाकून देतो; मग उद्या घर विकून पैसे परत आणताना मूळ पैसे कशासाठी गेले ते सिद्ध करता करता नाकी नऊ येतात. फॉर्मवर सही करण्याआधी तो रकाना स्वतः वाचा.

खातं त्या बँकेत वर्षभर जुनं हवं. नसेल तर जुन्या बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट किंवा शेवटचा रिटर्न मागतात. चलनबदलावरचा जीएसटी किरकोळ आहे: प्रत्येकाच्या ४३.२ लाखांवर १,५८८ रुपये.

कोथरूडकर_७२
आणि सौदा फिसकटला तर?

सीए_पाचपाखाडी
पाठवलेले पैसे वापरले गेले नाहीत तर १८० दिवसांत भारतात परत आणायचे, ऑगस्ट २०२२ पासून हा नियम आहे. तिथल्या खात्यात 'पुढे बघू' म्हणून ठेवता येत नाहीत. म्हणून बुकिंग रद्द झाल्यास पैसे किती दिवसांत आणि कुठल्या खात्यात परत येतील, हे करारात लिहून घ्या. ते पाठवणाऱ्याच्याच खात्यात यायला हवेत.

सौदा पार पडला तर रिटर्नमध्ये 'शेड्यूल एफए' (परदेशी मालमत्तेचा तक्ता) भरायचं. त्यात मार्च नव्हे, ३१ डिसेंबरला संपणारं वर्ष धरतात. भाडं सुरू झालं की त्यावर भारतात कर आहेच, तिथे नसला तरी. परदेशी मालमत्ता दाखवली नाही तर दंड १० लाख. २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला ऑक्टोबर २०२४ पासून दिलेली सवलत घर-जमिनीला लागू नाही.