शब्दचर्चा: परसू, परसबाग आणि आश्विन-कार्तिकातली कामं

प्रश्न (पुण्याहून):
एका दिवाळी अंकासाठी गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरामागच्या जागेवर लेख लिहिला आहे. गणपती गेल्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत तिथे काय काय चालतं, एवढाच विषय. संपादकांनी दोन बदल सुचवले. मी सगळीकडे 'परसू', 'परसवात' लिहिलं होतं, त्याचं 'परसबाग', 'परसबागेत' झालं. 'शरद'च्या जागी 'पानगळीचा ऋतू' आला, कारण वाचकाला चटकन कळावं. पहिला बदल खटकतो, पण का ते नीट सांगता येत नाही. दुसरा मला चूकच वाटतो. जाणकारांनी मत द्यावं. शिवाय वेल काढणं, मांडव उतरवणं, नवे वाफे करणं, शिंपण सुरू करणं या सगळ्याला मिळून तुमच्याकडे एखादा शब्द आहे का?

दापोलीहून:
खटकायलाच हवं. परसू ही जागा आहे आणि परसबाग ही लागवड. परसवात विहीर येते, धुण्याची दगडी येते, गोठा येतो, न्हाणीचं पाणी जिथे जाऊन मुरतं तिथली केळ आणि अळू येतं. ती केळ कुणी हौसेने लावलेली नसते, पाणी आहे म्हणून तिथे असते. 'परसबाग' म्हटलं की आखलेले वाफे आणि ओळीने लावलेली रोपं डोळ्यांपुढे येतात. कृषी खात्याच्या पत्रकांत आणि शाळांच्या पोषण आहाराच्या कागदांत हाच शब्द असतो आणि तिथे तो योग्यच आहे. शब्द वाईट नाही, परस हा आपला आणि बाग फारसीतून आलेला, जोड छान जमली आहे. पण तुमच्या लेखातली जागा ती नव्हे.

व्याकरणाचंही सांगते. परसू हे नपुंसकलिंगी, 'ते परसू'. तारू-तारवात, आसू-आसवांत, तसंच परसू-परसवात. 'परसूत' लिहू नका, आमच्याकडे कुणी म्हणत नाही. आणि 'परसाकडे जाणं' हा प्रयोग शौचाला जाण्यासाठी रूढ झाला तो याच जागेमुळे, तेव्हा 'परसाकडे' हे रूप लेखात जपून वापरा. 'परसवाकडे' लिहिलंत की गोंधळ राहणार नाही.

कोल्हापूरहून:
आमच्यात परडं. 'परड्यात जाऊन कढीपत्ता आण.' शेणाची गिरी, सरपणाचा ढीग, शेवग्याचं झाड, सगळं परड्यात.

भंडाऱ्याहून:
विदर्भात सांदवाडी म्हणतात, नुसतं वाडी म्हटलं तरी कळतं. वालाच्या शेंगा, वांगी, सांभार (म्हणजे कोथिंबीर, पुण्याच्या वाचकांनी डाळीचं सांबार समजू नये). आणि 'मळा' म्हटलं की इकडे विहिरीवरची बागाईत.

दापोलीहून:
मळ्याचं बरं काढलंत. कोकणात मळा म्हणजे सखलातली भाताची जमीन, मळेशेती. देशावरचा माणूस 'मळ्यात गेलो' म्हणाला की त्याला वांगी-कांदा दिसतो, आमच्या माणसाला चिखल आणि भात. वाडीचंही तेच: तुमच्याकडे भाजीची, अलिबाग-श्रीवर्धनकडे नारळी-पोफळीची, आणि आमच्याकडे पुष्कळदा दहा-वीस घरांची वस्ती.

फोंड्याहून:
गोव्यात कोंकणीत पोरसूं म्हणतात, म्हणजे तुमच्या परसूचंच भावंड. ते घरालगत, भाजीपाल्याचं. कुळागर मात्र वेगळं. डोंगराच्या कुशीत, झऱ्याच्या पाण्यावर पोफळी, त्यांच्यावर चढवलेली मिरी, मध्ये केळी, खाली अननस, वर कुठे माड तर कुठे फणस. कुणी 'कुळागर म्हणजे गोव्याची परसबाग' असं लिहितं तेव्हा वाईट वाटतं.

पण मी लिहायला बसलो ते शरदसाठी. आमच्याकडे हा शब्द पोथीतला नाही, शेतातला आहे. पावसाळी भातपिकाला गोव्यात सरद म्हणतात आणि पावसानंतरच्या पिकाला वायंगण. सरद म्हणजे शरदात हाती येणारं. जमिनीसुद्धा तशाच ओळखल्या जातात: ही सरदीची, ती वायंगणाची. ज्या ऋतूचं नाव शेतकरी भरल्या कणसाला देतो, त्याला पानगळीचा ऋतू म्हणणं मला तरी पटत नाही.

नाशिकहून:
वरच्या मुद्द्याला जोडून. पंचांगाप्रमाणे शरद म्हणजे आश्विन आणि कार्तिक. हेमंत मार्गशीर्ष-पौष, शिशिर माघ-फाल्गुन. आपल्याकडे सावर, पांगारा यांची पानं झडतात ती हिवाळ्यात, शिशिराच्या आसपास. म्हणून पानगळ हा शिशिराचा गुण. इंग्रजी कथा-कवितांच्या भाषांतरांतून 'शरदातली पानगळ' आली आणि रुळली. तिकडे त्याच महिन्यांत पानं गळतात, त्यामुळे महिना जुळतो पण ऋतूचं रूप जुळत नाही.

शरदाचं मराठी क्रियापद शोधायचं तर मी 'निवळणं' निवडेन. आभाळ निवळतं, विहिरीचं गढूळ पाणी निवळतं. अगस्त्याचा तारा उगवला की पाणी स्वच्छ होतं हा संकेत संस्कृत काव्यात आहे, आणि दिवसा सूर्याने तापलेल्या, रात्री चंद्राने निववलेल्या या पाण्याला आयुर्वेदात हंसोदक असं नाव आहे. हादग्याच्या झाडालाही अगस्ता म्हणतात. हस्तातल्या भोंडल्याला काही भागांत हादगा हेच नाव आहे, आणि त्या झाडाच्या फुलांची भाजी होते. तुमच्या परसवात हादगा असेल तर लेखात जरूर घ्या.

आणखी एक. 'पश्येम शरदः शतम्' यात शरद म्हणजे वर्ष. शंभर शरद पाहू, म्हणजे शंभर वर्षं जगू. आपण मराठीत पावसाळे मोजतो: 'तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत.' एकाने पाऊस मोजला, दुसऱ्याने पाऊस संपल्यावरची उघडीप. पण वर्ष मोजण्याइतका हा ऋतू महत्त्वाचा होता, हे लक्षात घ्यावं.

न्यू जर्सीहून:
इथल्या बाजूने लिहिते. आमच्याकडे तुमच्या संपादकांचा शब्द अगदी बरोबर बसतो. ऑक्टोबरात मेपल लाल होतात, मग अंगणभर पानं, ती गोळा करण्यात शनिवार-रविवार जातात. मराठी घरांत आम्ही 'फॉल'च म्हणतो आणि जागेला 'बॅकयार्ड'. पण दुधीचा वेल इथे थकून संपत नाही. एका रात्री दहिवर गोठतं आणि सकाळी अख्खा वेल काळा पडलेला असतो. म्हणून त्याआधी हिरवे टोमॅटोसुद्धा उतरवून घेतो, त्यांची चटणी होते. इथली बाग या ऋतूत मिटते, तुमची कूस बदलते. दोन्हींना एकच शब्द कसा पुरेल?

जाता जाता: 'दहिवर' मी गोठलेल्या दवासाठी वापरला, कारण आमच्या घरात तसाच वापरतात. इतरत्र साध्या दवालाही म्हणतात का?

नाशिकहून:
म्हणतात. पुष्कळ ठिकाणी दहिवर म्हणजे पहाटेचं जड दव, गोठलेलं असो वा नसो. वर्तमानपत्रं महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर गोठलेल्या दवाला 'हिमकण' म्हणतात. तुमचा वापर मला जास्त आवडला.

श्रीवर्धनहून:
सगळ्या कामांना मिळून एक शब्द माझ्या ऐकण्यात नाही. नसण्याचं कारण कामांतच आहे. ती एकदम येत नाहीत, एकात दुसरं मिसळलेलं असतं. क्रमाने सांगतो, शब्द त्यातच येतील.

हस्ताचा पाऊस, साधारण 27 सप्टेंबरपासून 10 ऑक्टोबरपर्यंतचा, अजून पडत असतो तेव्हाच काकडी, पडवळ, शिराळी यांचा शेवटचा तोडा होतो. तोडा म्हणजे एका खेपेला वेलावरून काढलेली भाजी. पहिला तोडा, दुसरा तोडा असा हिशेब चालतो. चिबूड याच सुमाराला पिकून फुटतात आणि घरभर वास सुटतो. तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, वेलावर पिवळी पडतात, त्यांचं धोंडस हे गोड पक्वान्न होतं. शेवटच्या तोड्याला चांगली फळं वेलावरच राखायची, त्याला 'बियाला ठेवणं' म्हणतात. शिराळं वेलावर वाळून आत बी खुळखुळू लागलं की काढायचं, राख लावून ठेवायचं.

मग मांडव. 'मांडव मोडला' असं आमच्या घरात कधी बोलले नाहीत. नारळ फोडणं न म्हणता 'वाढवणं' म्हणतात त्यातलाच प्रकार असावा. सुंभाच्या गाठी सोडायच्या, बांबू पुसून माळ्यावर टाकायचे, आणि म्हणायचं 'मांडव सोडवला'. तुम्ही 'उतरवणं' लिहिलं आहे, तेही छान.

पावसात वाढलेलं रान काढणं म्हणजे बेणणी. कंबरेच्या आकडीत कोयती अडकवून माणसं बेणायला येतात. ऑक्टोबरातल्या उन्हात हे काम सर्वांत जड जातं. हे ऊन आता सगळे 'ऑक्टोबर हीट' म्हणून ओळखतात, मलाही त्याला दुसरं नाव द्यावंसं वाटत नाही.

त्यानंतर आळी. भर पावसात माडा-पोफळींच्या बुंध्याशी पाणी साचू नये म्हणून माती ओढलेली असते. पाऊस गेला की तीच माती फिरवून बुंध्याभोवती आळं करायचं, आता पाणी राहायला हवं म्हणून. दिवाळीनंतर शिंपणं सुरू होतं. पूर्वी रहाटाच्या लोट्यांतून पाणी दोणीत पडायचं, पन्हळीतून पाटात आणि पाटातून आळ्यात. आता विजेचा पंप आणि नळी आहे, तरी 'आज शिंपण्याची पाळी कुणाची' हे विचारणं तसंच चालू आहे. पोफळीवरची सुपारी पाडायलाही मग सुरुवात होते. श्रीवर्धनची रोठा सुपारी आमच्या आगरांचा आधार आहे, म्हणून या दिवसांत इथे सगळ्यांच्या माना वर.

झाड आणि फळ यांची नावं मिसळू नका, संपादक नेमकं तिथेच हात फिरवतात. पोफळ हे झाड, सुपारी हे फळ. माड झाड, नारळ फळ. केळ झाड, केळं फळ. आवळी झाड, आवळा फळ, म्हणून कार्तिकातलं ते 'आवळीभोजन', आवळाभोजन नव्हे.

सर्वांत शेवटी वई, म्हणजे काट्याकुट्यांचं कुंपण. भात कापून झालं की गुरं मोकळी सुटतात, आणि परसवात तेव्हाच कोवळा माठ, मुळा, वांग्याची रोपं असतात. म्हणून कार्तिकात वई घालावीच लागते. जांभ्याचा गडगा, म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण, असेल त्याच्यावरसुद्धा काटेरी फांद्या टाकतात.

आणि पानगळच हवी असेल तर एक खरी पानगळ देतो. सुरणाची. दिवाळीच्या सुमाराला त्याचं पान पिवळं पडून आडवं होतं, आणि तीच खूण: खाली गड्डा तयार आहे, खणा.

पुण्याहून (प्रश्नकर्ती):
सर्वांचे आभार. संपादकांशी सविस्तर बोलले. सरद-वायंगण ऐकून त्यांनी 'शरद' ठेवायचं मान्य केलं. 'परसू'ही राहील, पहिल्या उल्लेखाला एका वाक्यात जागेचं वर्णन येईल म्हणजे वेगळा अर्थ द्यावा लागणार नाही. सुरणाचं पान मी लेखात घेते आहे, श्रीवर्धनकर काका, तुमची परवानगी धरून.

अजून दोन शंका. नरकचतुर्दशीला पायाच्या अंगठ्याने फोडतात ते फळ मी 'कारीट' लिहिलं. पुण्यात 'चिरांटं' म्हणतात. ते परसवात 'लावतात' म्हणावं का? आणि सुरणाचं 'बी' म्हणतात की 'बेणं'?

सावंतवाडीहून:
कारीटच लिहा, कोकणातला लेख आहे. आणि ते कुणी लावत नाही गो. गडग्यावर, वईवर आपणहून चढतं, इतकं कडू की गुरंही तोंड लावत नाहीत. आश्विन वद्य चतुर्दशीला पहाटे तुळशीपुढे डाव्या अंगठ्याने फोडायचं, 'गोविंदा गोविंदा' म्हणायचं आणि त्याचा कडू रस जिभेला लावायचा. आदल्या दिवशी पोरं ते शोधायला जातात, तेव्हा 'कारीट आणलं', 'कारीट गावलं' असंच क्रियापद येतं. तुमच्या लेखात तुळशीचं लग्न येणारच आहे, तर ऊस, दिंडा, आवळ्याची आणि चिंचेची फांदी यांची नावं गाळू नका. वृंदावनाची माती त्याआधी खळ्याबरोबरच सारवली जाते. खळं म्हणजे आमचं अंगण. पावसाने उखडलेलं खळं खणून, भिजवून, चोपून, सारवून पुन्हा करतात, त्याला 'खळं करणं' म्हणतात. हे परसवातलं नसलं तरी याच पंधरवड्यातलं काम आहे.

सांगलीहून:
बेण्याबद्दल आम्हीच बोलायला हवं, हळद आणि ऊस दोन्ही बेण्यावर. जे फळातून निघतं, दाणा असतो, ते बी किंवा बियाणं: दोडक्याचं, भोपळ्याचं, माठाचं. जे पिकाचाच तुकडा किंवा कंद असतो ते बेणं. उसाचं बेणं म्हणजे डोळे असलेली टिपरी, हळदीचं बेणं म्हणजे निवडून ठेवलेले जेठे गड्डे. सुरण, अळू, कोनफळ यांचंही बेणंच. अनेकवचन सहसा करत नाहीत, 'दोन पोती बेणं' म्हणतात. बोलताना हा शब्द माणसालाही लावतात, 'लई बेणं हाय ते', म्हणजे बेरकी, डांबरट. पण लेखात तो अर्थ कुणी घेणार नाही. 'शिराळ्याचं बी राखेत ठेवलं, सुरणाचं बेणं कोरड्या जागी ठेवलं' असं सरळ लिहा.