आधी माइक, मग कॅमेरा

महागडा कॅमेरा असल्याशिवाय व्हिडिओनिर्मिती शिकता येत नाही, हे मत मला, या विषयाचा विद्यार्थी म्हणून, पटत नाही. पैसे थोडेच असतील तर ते आधी माइकवर खर्च करावेत. दादरच्या फुलबाजारात एका विक्रेत्या मावशींची मुलाखत मोबाइलवर चित्रित करताना चित्र उत्तम येत होते, परंतु हमालांच्या गलक्यात त्यांचे शब्द नीट ऐकू येऊ लागले ते कॉलर माइक पदराच्या कडेला लावल्यावरच. मुलाखत संपली की नुसत्या बाजाराचा आवाज अर्धा मिनिट वेगळा ध्वनिमुद्रित करून ठेवावा, म्हणजे संकलनात तो मुलाखतीखाली जोडता येतो आणि दोन वाक्यांमधला सांधा जाणवत नाही. प्रकाशाबाबत एवढेच, की आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइटखाली शटर, म्हणजे प्रत्येक चौकट टिपताना कॅमेरा प्रकाश आत घेतो तो वेळ, 1/50 सेकंदावर ठेवावे. चित्रातली लुकलुक बहुधा तेवढ्याने थांबते.