फिनलंड घणसोलीत आणायचं म्हणे. आधी बाईंना वर्गात तरी राहू द्या

घणसोलीची बाई:
काल 'ऐरोली सेक्टर ८' यांनी इथे लिहिलं की आपल्या शाळा फिनलंडसारख्या करा: परीक्षा बंद, गृहपाठ बंद, प्रत्येकाच्या हातात टॅब, आणि 'शिक्षकांनी मानसिकता बदलावी'. हे शेवटचं फार लागलं. एकोणीस वर्षं शिकवतेय, म्हणून सविस्तर लिहिते.

टॅबचं बघा. पेरू देशाने गरीब भागातल्या शाळांना लाखो लॅपटॉप वाटले. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये आला. भाषा-गणितात फरक सापडला नाही. स्वीडनने २०२३ मध्ये पुन्हा छापील पुस्तकांसाठी पैसे काढले. माझ्या वर्गात डिजिटल बोर्ड आहे. आला त्या दिवशी पोरांनी टाळ्या वाजवल्या. आज त्याच्या कडेचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही, रिमोट कपाटात आणि चावी शिपाईमामांकडे. त्याच बोर्डाखाली चौथीतला एक मुलगा 'पाऊस' वाचतो: प काना पा, ऊ, स. शब्द जोडायची वेळ आली की माझ्या तोंडाकडे बघतो. त्याला रोज माझा अर्धा तास हवाय, बस.

आणि उपाय शोधायला लांब जायला नको. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने मुंबईत 'बालसखी' चालवलं. तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं रोज दोनेक तास वस्तीतल्याच एखाद्या मुलीकडे बसायची, अक्षरओळख आणि बेरजेपासून. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी मुंबई-बडोद्यात ते तपासलं. मुलं खरंच पुढे गेली. इयत्ता बाजूला ठेवून येतं तिथून शिकवायचं, ही पद्धत आता झांबियातल्या सरकारी शाळांत चालते. आणि आपण फिनलंडकडे बघत बसलोय.

ऐरोली सेक्टर ८:
बाई, तुम्ही माझं अर्धंच वाचलंत. फिनलंडमध्ये मूल सातव्या वर्षी पहिलीत जातं. माझी मुलगी साडेतीन वर्षांची असताना एका शाळेत तिची मुलाखत झाली. जांभळा रंग सांगता आला नाही, नाव वेटिंगवर. घरी येऊन दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. तुम्ही पेरूचे अभ्यास सांगा, मी ते दोन दिवस विसरणार नाही.

नौपाडाकर:
पण फिनलंडच का? पिसा म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी, तीत त्यांचे गणिताचे गुण २००६ मध्ये ५४८ होते, २०२२ मध्ये ४८४. शेजारचा एस्टोनिया ५१०, सिंगापूर ५७५. सिंगापुरात सहावीला चांगली कडक परीक्षा असते. आपण २००९ च्या फेरीत तामिळनाडू आणि हिमाचल उतरवले, ७४ मध्ये ७२ वे आणि ७३ वे आलो आणि पुढच्या फेऱ्यांना गेलोच नाही. माझा भाचा आठवीपर्यंत दरवर्षी वर ढकलला गेला. नववीत गेल्यावर कळलं की त्याला भागाकार येत नाही. परीक्षा बंद करा म्हणणाऱ्यांनी त्याच्यासमोर येऊन बसावं.

निवृत्त मास्तर, कळवा:
टॅब, परीक्षा सगळं नंतर. बाई अर्धा तास देणार कधी, ते आधी सांगा. २०२४ मध्ये लोकसभा झाली, विधानसभा झाली. बीएलओ म्हणून, म्हणजे मतदारयादीच्या कामाला, दारोदार फिरणारे कोण? शिक्षकच. आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं, कलम २७ सांगतं की शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नका. आणि त्याच कलमात जनगणना, आपत्ती आणि निवडणूक वगळली आहे.

रबाळ्याची आई:
दरवेळी हेच कारण. आमचे हे बँकेत आहेत, त्यांनाही इलेक्शन ड्यूटी लागते, म्हणून बँक बंद पडत नाही. मी सातवीतल्या पोराच्या ट्यूशनला महिन्याला अठराशे मोजते. शाळेत शिकवलं असतं तर मोजले असते का?

घणसोलीची बाई:
ताई, बँकवाल्यांची ड्यूटी दोन दिवसांची. बीएलओचं काम वर्षभर सुटत नाही. माझ्या सोसायट्यांमध्ये दुपारी माणसं नसतात, वॉचमन आत सोडत नाही, म्हणून त्याच दारात तीन-तीनदा जावं लागतं. तेव्हा माझा वर्ग शेजारच्या वर्गात बसवतात. एका खोलीत ७९ मुलं, खिडकीच्या कट्ट्यावरसुद्धा. दुसऱ्या बाई दिवसभर पाढे लिहायला लावतात, दुसरं काय करणार? तो 'पाऊस'वाला मुलगा मात्रेपर्यंत आला होता. मी परत आले तेव्हा पुन्हा कान्यावर अडला. तुम्ही म्हणता कारण सांगते. हे माझं दुखणं आहे.

रबाळ्याची आई:
आवाज चढवू नका. शिकवायच्या दिवशीही मोबाइल बघत बसणारे शिक्षक मी डोळ्यांनी पाहिलेत.

निवृत्त मास्तर, कळवा:
मीही पाहिलेत. त्यांची बाजू मी घेणार नाही. पण एक विचारतो, शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक असतात. किती बैठकांत कुणी विचारलं की यंदा बाई वर्गाबाहेर किती दिवस होत्या?

ऐरोली सेक्टर ८:
मी एकदाही विचारलं नाही, खरं आहे. 'मानसिकता' हा शब्द मागे घेतो. बाकी मागे घेत नाही. आणि तुमच्याच मुद्द्यावर सांगतो: फिनलंडमध्ये मतदारयादी लोकसंख्येच्या नोंदवहीवरून आपोआप बनते. त्यासाठी कुठल्याही बाईला वर्ग सोडावा लागत नाही. शिक्षक व्हायला तिथे मास्टर्स लागतं, आणि शाळा तपासायला येणारे निरीक्षक त्यांनी नव्वदच्या दशकातच बंद केले. मला हाच फिनलंड म्हणायचा होता, टॅब उगाच लिहिला.

घणसोलीची बाई:
हा फिनलंड चालेल. परीक्षेचं मात्र मला नौपाडाकरांचं पटतं. नापास करू नका, पण काय येत नाही ते दर महिन्याला कळलंच पाहिजे.

रबाळ्याची आई:
सगळं पटलं असं समजू नका. पण शनिवारी मला दोन तास असतात. काना-मात्रा मी शिकवू शकते.

घणसोलीची बाई:
सकाळची शाळा साडेअकराला सुटते. मुख्याध्यापकांना उद्याच विचारते. तो मुलगा तोपर्यंत थांबतोच, आई बाराला घ्यायला येते.