वेन ग्रेट्झ्की यांचा गोलांचा विक्रम मोडला, मग श्रेष्ठत्व कशात?

तापीकाठ (भुसावळ): माझा पुतण्या शाळेच्या हॉकी संघात फॉरवर्ड आहे. चेंडू मिळाला की तो एकटाच गोलाकडे धावतो. त्याची ही सवय सुटावी म्हणून मी त्याला आइस हॉकीतील ग्रेट्झ्की यांचे उदाहरण दिले, तर तो म्हणाला, ‘‘काका, त्यांचा 894 गोलांचा विक्रम ओव्हेच्किनने 2025 मध्ये मोडला.’’ हे खरेच आहे. त्याला काय सांगावे?

केळीबाग (रावेर): भाऊ, त्याला असिस्टचा, म्हणजे गोलाला कारण ठरलेल्या पासचा, आकडा सांगा. अमेरिका व कॅनडातील आइस हॉकीच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये गोल करणाऱ्याला एक गुण मिळतो आणि त्याआधी पास देणाऱ्या जास्तीत जास्त दोघांनाही प्रत्येकी एक गुण मिळतो. 1979 ते 1999 या काळात ग्रेट्झ्की यांनी 1487 साखळी सामन्यांत 1963 असिस्ट दिले. एकूण गुणांत दुसऱ्या क्रमांकावरील यारोमिर यागर यांचे गोल आणि असिस्ट मिळून 1921 गुण होतात, म्हणजे ग्रेट्झ्की यांचे सगळे गोल वजा केले तरी ते पहिलेच राहतात.

पांझराकाठची ताई (धुळे): ते कोठे उभे राहत, हेही त्याला समजावून सांगावे. आपल्या हॉकीत चेंडू गोलरेषेपलीकडे गेला की खेळ थांबतो, परंतु बर्फावर गोलाच्या मागेही खेळायला जागा असते. ग्रेट्झ्की तेथे पक (चेंडूऐवजी वापरली जाणारी रबरी चकती) घेऊन थांबत आणि गोलरक्षक मागे पाहू लागला की समोर मोकळ्या झालेल्या सहकाऱ्याला पास देत. त्या जागेला लोक त्यांचे ‘ऑफिस’ म्हणत.

जुना रेफ्री (जळगाव): एडमंटन संघासाठी त्यांनी लीगच्या विजेत्याला मिळणारा स्टॅन्ली कप चार वेळा जिंकला. 1988 च्या ऑगस्टमध्ये ते लॉस एंजेलिसच्या संघात गेले आणि त्यानंतर त्यांना एकही कप मिळाला नाही, उलट एडमंटनने 1990 मध्ये त्यांच्याविना तो जिंकला, ही बाजूही मुलाला सांगायला हवी. मला मात्र त्यांच्या वडिलांचे कष्ट अधिक मोलाचे वाटतात. टेलिफोन कंपनीत नोकरी करणारे वॉल्टर कॅनडातील ब्रँटफर्डच्या घरामागे स्प्रिंकलरने पाणी सोडून अंगणातच रिंक, म्हणजे बर्फाचे मैदान, तयार करीत आणि मुलाकडून टिनच्या डब्यांमधून पक काढून नेण्याचा सराव करून घेत. रात्रीची लाईट आली की केळीला पाणी भरायला उठणाऱ्या आपल्याकडच्या बापाला हे वेगळे सांगावे लागणार नाही.

तापीकाठ: सर्वांचा आभारी आहे. रविवारी ऊन चढण्याआधी मैदानावर डबे मांडतो. त्या दिवशी वहीत फक्त पास मोजले जातील.