आईच्या स्वयंपाकघरातील बदलांची सुरुवात कुठून करावी?

प्रश्न:
माझी आई ७८ वर्षांची आहे. ती अजूनही स्वतः स्वयंपाक करते आणि तो तिने सोडावा असे मला मुळीच वाटत नाही. मात्र गेल्या महिन्यात वरच्या फळीवरचा डबा काढण्यासाठी ती स्टुलावर चढली आणि तिचा तोल गेला; ओट्याची कड हाताला लागली म्हणून निभावले. त्यानंतर एकदा शेगडीची ज्योत विझून गॅस सुटत राहिला होता. मला तो वास बाहेरच्या खोलीत आला, पण शेगडीपाशी उभ्या असलेल्या आईला आला नाही. सगळे स्वयंपाकघर नव्याने बांधून घ्यावे असे भावाचे म्हणणे आहे, तर आईला एक वाटीसुद्धा जागची हललेली चालत नाही.

प्रतिसाद १:
भावाला तूर्त थांबवावे. कोणती वस्तू कुठे आहे हे आईच्या डोळ्यांपेक्षा तिच्या हातांना अधिक ठाऊक असते, त्यामुळे सगळी मांडणी एकदम बदलली तर नवे अपघात ओढवतील. दोन दिवस तिच्या सोबत उभे राहून ती कशासाठी हात उंच करते आणि कशासाठी वाकते एवढेच पाहावे, आणि तेवढ्याच वस्तू कंबर ते खांदा या उंचीत आणाव्यात. स्टूल स्वयंपाकघरातून काढून टाकावे.

दुसरी गोष्ट उजेडाची, आणि तिच्याकडे बहुधा कोणाचे लक्ष जात नाही. वयानुसार डोळ्याची बाहुली लहान होत जाते आणि भिंग पिवळसर पडते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. त्यातून दिवा छताच्या मध्यभागी असला की ओट्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाची सावली नेमकी सुरीवर पडते. म्हणून भिंतीवरच्या कपाटाखाली, डोळ्यांवर तिरीप येणार नाही अशा बेताने, पट्टीसारखा दिवा बसवावा.

प्रतिसाद २:
गॅसच्या बाबतीत नाकावर विसंबून राहू नये. या वायूला स्वतःचा वास नसतो, तो मुद्दाम मिसळलेला असतो, आणि वयाबरोबर घ्राणशक्ती मंदावते. ज्योत विझताच गॅस आपोआप बंद करणारी शेगडी मिळते, तीच घ्यावी. गळतीचा इशारा देणारे यंत्र बसवताना सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने ते जमिनीलगत, तर नळाने येणारा नैसर्गिक वायू हलका असल्याने ते छताजवळ लावावे लागते. इंडक्शन शेगडीचा विचार असेल आणि आईंना पेसमेकर बसवलेला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

प्रतिसाद ३:
स्टूल काढण्याबद्दल थोडी असहमती नोंदवतो. स्टूल नाहीसे झाले की माणसे खुर्चीवर चढतात. खरा उपाय वरची फळी रिकामी करणे हाच आहे. त्याशिवाय निवडणे-चिरणे बसून करता यावे यासाठी गुडघे आत जातील असे बेताच्या उंचीचे टेबल आणि हातांची, चाके नसलेली खुर्ची ठेवावी. सैल पायपुसणी उचलावीत. सुरीला मात्र धार असू द्यावी, कारण बोथट सुरीला जोर द्यावा लागतो आणि ती निसटते.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. वरची फळी आज आईच्याच देखरेखीखाली रिकामी केली. त्यातील निम्मे डबे रिकामेच निघाले.