मदत हवी आहे: मराठी वाचनाची यादी देऊन पुढचं पुस्तक नीट सुचेल असं काही आहे का?

नमस्कार मंडळी. दादरच्या आमच्या वाचनकट्ट्यासाठी सामायिक यादी करतोय. गुडरीड्स या पुस्तकांच्या नोंदी ठेवायच्या संकेतस्थळावरची यादी सीएसव्ही (साध्या तक्त्याच्या) फाइलमध्ये उतरवून स्टोरीग्राफ या पुस्तकं सुचवणाऱ्या संकेतस्थळावर चढवता येते, इंग्रजी पुस्तकांचं त्यावर छान भागतं. अडतं ते मराठीत.

अशी बरीच साधनं ‘हे आवडलेल्यांना तेही आवडलं’ या हिशेबावर चालतात. एकच कादंबरी एकदा देवनागरीत आणि दोनदा वेगवेगळ्या रोमन स्पेलिंगने नोंदलेली असली की तिला वाचकांनी दिलेले तारे तीन ठिकाणी विखुरतात, एकाही नोंदीला वजन येत नाही. शिवाय आयएसबीएनचं, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचं, आंतरराष्ट्रीय मानकच १९७० सालचं. त्याआधीच्या आवृत्त्यांवर हा क्रमांक नसतो, म्हणून नोंदींची जुळणी नाव आणि लेखकावरच करावी लागते.

चॅटबॉटला विचारलं तर अस्तित्वात नसलेली पुस्तकंही तो ठामपणे सांगतो. प्रत्येक नाव ग्रंथालयाच्या सूचीत तपासावंच लागतं.

तर, गुडरीड्सवर लायब्ररियनचे (नोंदी दुरुस्त करण्याचे) अधिकार असलेलं इथे कुणी आहे का? ४० पुस्तकांच्या दुहेरी नोंदी एकत्र करायच्या आहेत, यादी तयार आहे. आणि ललित, आत्मचरित्र, दलित साहित्य असे मराठी वाचकाचे प्रकार टॅग म्हणून लावून त्यांवरून शिफारस मिळवण्याची पद्धत कुणी बसवली असेल, तर टॅग किती आणि कोणते ठेवलेत, तेवढं कृपया सांगा.