मदत हवी आहे : मिरचीची पानं आकसतायत, आणि पावसाआधी मिरची टिकवायची कशी?

नमस्कार मंडळी. आम्ही मालवणजवळ राहतो, परसात पहिल्यांदाच मिरची लावली आहे. लवंगी, दापोली कृषी विद्यापीठाची कोकण कीर्ती, आणि भाच्याने हौसेने दिलेली भूत जोलोकियाची दोन रोपं. (तिखटपणाच्या मापात दहा लाख स्कोव्हिलच्या वर तिखट म्हणे! घरात खाणार कोण, ते त्यालाच विचारा.)

माती जांभ्याची. शेणखत आणि थोडी राख घातली आहे. लवंगी झकास आहे, पण कोकण कीर्तीचे शेंडे आखडलेत, पानं वाटीसारखी वर वळली आहेत. शेजारचे काका म्हणतात, 'बोकड्या (पानं आकसण्याचा रोग) आलाय, उपटून टाक.' मी वाचलं की पानं वर वळली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी कीड. मग निंबोळी अर्क फवारून झाड वाचेल, की विषाणू असल्यास उपटणंच बरं? ओळखायचं कसं?

दुसरं साठवणीचं. सांडगी मिरची सासूबाई करतात, मेथी-धण्याचं सारण भरून, ताकात मुरवून, कडक उन्हात वाळवून. पण खाऱ्या दमट हवेत जुलैपर्यंत ती मऊ पडते, कधी बुरशीही धरते. बरणीत भरण्याआधी चुलीच्या धगीवर पुन्हा शेकता का?

जोलोकिया मात्र मिठाच्या पाण्यात आंबवून चटणी करायची आहे. मीठ किती टक्के घ्यावं, आणि आपल्या उकाड्यात बरणी किती दिवस बाहेर ठेवावी? कुणी केलं असेल तर नक्की सांगा. हातमोजे घालायचे, एवढं ठाऊक आहे.